मेल सर्व्हरची डिस्क मोकळी करताना: फाइल उडवली, तरी जागा का सुटत नाही?

इथली उदाहरणं लिनक्सवरच्या पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉटची (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम) आहेत. पोस्टफिक्स डिस्क पूर्ण भरेपर्यंत थांबत नाही. पाठवायच्या मेलची रांग ज्या डिस्कवर असते, तिथे एका संदेशाच्या कमाल मर्यादेच्या दीडपटीहून कमी जागा उरली, की ४५२ क्रमांकाची त्रुटी देऊन ते नवी मेल नाकारतं.

'डीएफ -एच'ने जागा आणि 'डीएफ -आय'ने आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद; त्यांची संख्या ठरावीक असते) तपासा. मेलडिर या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते. त्यामुळे जीबी शिल्लक असूनही आयनोड संपू शकतात. मग फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या 'डीयू'ने जड फोल्डर शोधा. डेबियन किंवा उबुंटूवर डाउनलोड केलेल्या पॅकेजांचा साठा 'एपीटी क्लीन'ने जातो.

आता लॉग. 'मोठी मेल-लॉग सरळ उडवा' हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉग या प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरलेली असते. फाइल उडवणाऱ्या 'आरएम'ने फक्त नाव जातं, जागा अडकलेलीच राहते. वर लॉगचं लिखाण त्या बिननावाच्या फाइलमध्येच चालू राहतं, म्हणजे डिस्क भरतच जाते आणि 'डीयू'ला काहीच दिसत नाही. फाइल न उडवता 'ट्रंकेट -एस ०'ने रिकामी करा. जुनी नोंद हवी असेल तर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. फाइल आधीच उडवली असेल तर 'एलएसओएफ +एल१' चालवा. ती कोणत्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) धरली आहे ते कळेल. ती प्रोसेस रिस्टार्ट करा, जागा लगेच सुटते. अख्खा सर्व्हर रीबूट करण्याची गरज नाही.

पोस्टफिक्सच्या रांगेतल्या फाइलींना हाताने अजिबात शिवू नका. अडकलेली (पोचवता न आल्याने मागे ठेवलेली, म्हणजे 'डिफर्ड') मेल 'पोस्टसुपर -डी ऑल डिफर्ड'ने काढा. 'ऑल' कॅपिटल अक्षरांत हवं. शेवटचा शब्द विसरलात तर सगळी रांग जाईल, लोकांची नुकतीच आलेली, अजून पाठवायची पत्रंसुद्धा.

ट्रॅशमधली मेल कायमची काढण्यासाठी डव्हकॉटची 'डव्हअ‍ॅडम एक्सपंज' ही कमांड वापरा आणि अट 'सेव्हडबिफोर ३०डी' (त्या फोल्डरमध्ये येऊन ३० दिवस झालेली) अशीच द्या. नुसतं 'बिफोर' मेल आल्याची तारीख बघतं; कालच ट्रॅशमध्ये टाकलेलं दोन वर्षांपूर्वीचं पत्रही त्यात जाईल. तीच अट आधी 'डव्हअ‍ॅडम सर्च'ला देऊन यादी नजरेखालून घाला. साठवण एमडीबॉक्सची (एका फाइलमध्ये अनेक मेल ठेवणारी डव्हकॉटची पद्धत) असेल तर एक्सपंजनंतर 'डव्हअ‍ॅडम पर्ज' चालवावंच लागतं, नाहीतर एक बाइटही सुटत नाही.