शाळेच्या परसात गुळवेल लावताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. शाळेमागच्या तांबड्या मातीत अर्धा गुंठा जागेवर आमची औषधी झाडं आहेत. तुमच्याही शाळेत अशी बाग करायची असेल, तर आमच्या अनुभवातून सांगते.

रोपवाटिकेतून रोपं आणून सुरुवात करू नका. तसं केलं की मुलांच्या वाट्याला नुसतं पाणी घालणं उरतं. शाळा सुरू झाली की आठवीच्या मुलांना एकच गृहपाठ द्या : आज्जीला विचारा, खोकल्याला, तापाला, पोटदुखीला परसातलं काय वापरायचात? मग तिला सोबत घेऊन त्याची एक फांदी आणा. आमच्याकडे अडुळसा, गुळवेल, पानओवा, किराईत, गवती चहा, ब्राह्मी अशी यादी झाली. वर्गातल्या काही मुलांची शेजारची घरं कानडी. तिथून त्याच झाडांची दुसरी नावं आली : आडुसोगे, अमृतबळ्ळी, दोड्डपत्रे, नेलबेवु.

पहिला धडा इथंच मिळाला. ‘ब्राह्मी’ म्हणून दोन मुलींनी दोन वेगळी झाडं आणली होती. एकीचं पान गोल, कातरलेल्या कडेचं, बेडकाच्या पावलासारखं. दुसरीचं बारकं, जाडसर, पाणथळ जागेतलं. दोघींच्या आज्ज्यांचं खरंच होतं. पहिलीला कानडीत ओंदेलग म्हणतात, कारवार-शिरसीकडे तिची ताकातली तंबळी करतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. दुसरी बकोपा मोनिएरी. म्हणून प्रत्येक पाटीवर तीन नावं लिहून घ्या : मराठी, कानडी आणि शास्त्रीय. कानडी नाव कानडी लिपीतच, मुलांच्या हातानं. सीमेवरच्या मुलांना दोन्ही भाषा येतात, त्यांचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो.

आता गुळवेल. तिच्यावर एक पूर्ण तास द्या. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. वाद काहीही असो, ओळख पक्की हवी. आमच्याही एका मुलानं गुळवेल म्हणून पहाडवेल आणली होती, आणि पहिल्या नजरेला मीही फसले. तेव्हापासून आम्ही असं बघतो. पान हातात घ्या, देठ कुठं चिकटलाय ते पाहा. गुळवेलीचं पान पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, देठ वरच्या खाचेतच जुळलेला. पहाडवेलीचा देठ कडेपासून जरा आत, ढालीच्या मुठीसारखा. मग जुनी कांडी घ्या. वरची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवंगार. कांडी आडवी कापली की बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. आणि वेल झाडावर चढलेली असेल, तर वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. चारही खुणा जुळल्याशिवाय वहीत ‘गुळवेल’ लिहायचं नाही, असा आमचा नियम आहे.

लागवड मिरगाच्या पहिल्या सरी झाल्या की करा. गुळवेलीची बोटभर जाडीची, दोन-तीन डोळ्यांची कांडी कडुलिंबाच्या बुंध्याशी तिरपी खोचा. अडुळसाही फांदीनं येतो. त्याला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावा. आमच्याकडचा पाऊस मात्र धरून चालायला हवा. पहिल्या वर्षी कोरफड सपाट वाफ्यात लावली. तरण्या पावसात मुळाशी पाणी साचलं आणि पंधरा दिवसांत सगळी कुजून गेली. आता वाफे वीतभर उंच करतो, मध्ये चर ठेवतो आणि कोरफड व्हरांड्यात कुंडीत असते. किराईत बियांवर येतं. शेंगा तपकिरी झाल्या की लगेच काढा, नाहीतर तडकून बी उडून जातं. एकदा आवार साफ करायला आलेल्या माणसांनी आमचं सगळं किराईत गवत समजून उपटलं. पाटी पावसात पडली होती, त्यांचा तरी काय दोष. तेव्हापासून वाफ्याला जांभ्या दगडाची कड असते.

प्रत्येक मुलाला वर्षभरासाठी एकच झाड द्या. वहीत दर शनिवारी उंची, नवी पानं, कीड, पाऊस. चित्र काढायचंच, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. चित्र काढताना शिरा मोजाव्या लागतात.

वापराचं सांगते. शाळेत कुणालाही काढा देऊ नका, आजारी मुलाला तर नाहीच. ते वैद्यांचं आणि डॉक्टरांचं काम. पण शिकायला पुष्कळ आहे. अर्धा किलो अडुळशाची पानं तोलून सावलीत वाळत घाला, रोज तोला, वजन थांबेपर्यंत. आमचं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास थांबलं, आणि शेकडेवारीचं गणित मुलांनी आपणहून केलं. त्याच तासाला खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आणा. लेबलावर ब्रोमहेक्सिन असेल, तर सांगा की ते अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून घडवलेलं आहे. मुलं बाटलीकडे आणि झाडाकडे आळीपाळीनं बघत राहतात, तो क्षण मी दरवर्षी थांबून पाहते. खायचं म्हटलं, तर पानओव्याची भजी आणि गवती चहा. एवढं पुरे.

खरी अडचण एप्रिल-मेची, शाळा बंद असताना. खानापूरची मातीची भांडी प्रसिद्धच आहेत. न रंगवलेली पाच-सहा लिटरची मडकी घ्या, गळ्यापर्यंत वाफ्यात पुरा, पाणी भरून वर झाकण ठेवा. पाणी मडक्यातून मुळांकडे हळूहळू पाझरतं. जवळ राहणाऱ्या सहा मुलांची पाळी लावली आहे, चौथ्या दिवशी एकानं यायचं. मडक्यात किती पाणी उरलं ते काठीनं मोजायचं आणि व्हरांड्यातल्या वहीत लिहायचं. जूनमध्ये ती वही नवीन आठवीच्या हातात जाते.