पूर ओसरल्यावर प्यायला पाणी कुठून आणाल? घरच्या तयारीत या चुका टाळा

आपत्तीची तयारी म्हटलं की घरोघरी टॉर्च, मेणबत्त्या आणि मॅगीची पाकिटं येतात. पाण्याचं नाव कुणी काढत नाही. १२ जुलै १९६१ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्यातूनच यायचं, त्यामुळे पूर ओसरला तेव्हा नळ कोरडे होते. त्या वेळी निदान वाड्यांत विहिरी होत्या. आज आपली सगळी भिस्त सोसायटीच्या टाकीवर आहे आणि ती टाकी विजेशिवाय भरत नाही.

‘वरची टाकी भरलेली आहे की!’
ती अख्ख्या इमारतीची आहे. वीज गेली की जो तो बादल्या-पिंपं भरायला लागतो आणि बघता बघता टाकी तळाला जाते. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला ३ ते ४ लिटर धरा. चौघांच्या घराला ३ दिवसांसाठी २० लिटरचे दोन जार आणि वर काही बाटल्या लागतील. खाण्याचा साठाही असा हवा की पाणी कमी लागेल: डाळ-तांदळापेक्षा चुरमुरे, लाह्या, शेंगदाणे, गूळ, खाकरे.

पाणी ओसरताच पंपाची मोटार चालू करणं
माझ्या मते ही सगळ्यात घातक चूक. पार्किंगमध्ये पाणी शिरलं की ड्रेनेजची घाण तळटाकीत उतरते. वीज आली की वॉचमन सवयीने बटण दाबतो. तेच पाणी वरच्या टाकीत चढतं आणि तिथून प्रत्येकाच्या नळाला येतं. धोक्याचा इशारा मिळाला की पाणी शिरण्याआधीच मोटारीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडून ठेवा आणि पॅनेलवर ठळक चिठ्ठी लावा. तळटाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय ती चिठ्ठी काढायची नाही. मोटार आधीच चालवली गेली असेल, तर वरची टाकीही रिकामी करून धुवावी लागेल. तोवर पाणी उकळूनच प्या. खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट गॅस चालू ठेवा. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, फडक्यातून गाळा.

गाडी काढायला खाली धावणं
२५ जुलै २०२४ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं. त्याच दिवशी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत शॉक लागून तिघे दगावले. बहुतेक सोसायट्यांचे मीटर पार्किंगमध्येच असतात. पाणी साचलेल्या पार्किंगमध्ये पाऊल टाकू नका, गाडी बुडाली तर बुडू द्या. विसर्ग वाढणार असल्याची बातमी आली की पाणी येण्याआधीच ती उंचावर नेऊन लावा.

‘आम्ही नदीपासून लांब राहतो’
२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात नदीने नव्हे, आंबिल ओढ्याने माणसं नेली. आपल्या घराजवळून कोणता ओढा किंवा नाला जातो, हे आजच बघून ठेवा.

लिफ्ट चालेल असं धरून चालणं
नवव्या मजल्यावरच्या आजींना खाली कोण आणणार, हे शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. त्यांची आठवड्याची औषधं एका पिशवीत तयार हवीत. मोबाइल बंद पडतील तेव्हा भेटायचं ठिकाण ठरवा. नातेवाइकांचे नंबर आणि ११२ कागदावर लिहून मुलांच्या दप्तरातही ठेवा.