ठाण्यात नव्याने राहायला आलात? आधी अप-डाऊन आणि फास्ट-स्लो समजून घ्या

नोकरीसाठी ठाण्यात आलेल्या माणसाला पाण्याची वेळ, गॅसची एजन्सी, भाजी कुठे चांगली मिळते, हे शेजारी आपणहून सांगतात. लोकलचे शब्द मात्र कुणी सांगत नाही. इथे वाढलेल्यांना ते कधी मुद्दाम शिकावेच लागलेले नसतात. नवा माणूस शाळेतल्या इंग्रजीवर विसंबतो आणि चुकीच्या गाडीत चढतो.

गावाकडे ‘अपडाऊन करतो’ म्हणजे रोज जाऊन-येऊन नोकरी करतो. इथे अप आणि डाऊन या दोन स्वतंत्र दिशा आहेत. सीएसएमटीकडे, म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे, जाते ती अप, सीएसएमटीपासून दूर जाते ती डाऊन. याचा चढ-उताराशी काहीही संबंध नाही. कसारा मुंबईपेक्षा कितीतरी उंचावर आहे, तरी तिकडे जाणारी गाडी डाऊनच. ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाणे ते नवी मुंबईच्या मार्गावर, ठाण्याहून वाशी-पनवेलकडे निघते ती डाऊन, ठाण्याकडे येते ती अप. ‘डाऊन फास्ट मार्गावर बिघाड’ अशी बातमी आली की आपली दिशा कोणती ते आधी बघा. सकाळी दादरला निघालेल्याला लगेच फटका बसेलच असं नाही. पण गाफील राहू नका. डाऊन गेलेलाच रेक (डब्यांची अख्खी गाडी) पुढे उलटा फिरून अप होतो, त्यामुळे थोड्या वेळाने अपच्या गाड्याही रखडतात.

सर्वांत जास्त फसवणारी जोडी म्हणजे फास्ट आणि स्लो. गाडी तशीच, डबे तसेच. फरक आहे तो थांब्यांचा आणि रुळांचा. सीएसएमटी ते कल्याण स्लोची जोडी वेगळी आणि फास्टची वेगळी, म्हणून फलाटही वेगळे. सीएसएमटी ते ठाणे 34 किलोमीटर. स्लोला साधारण तास लागतो, फास्टला पाऊण तास. भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण हे फास्टचे ठरलेले थांबे. विक्रोळी, भांडुप, मुलुंडला काही फास्ट थांबतात, काही थांबत नाहीत. कळव्यात घर घेतलं असेल तर विशेष जपा. बहुतेक फास्ट तिथे न थांबता पुढे जातात आणि मग डोंबिवलीहून उलटं यावं लागतं. कल्याणच्या पुढे मात्र फास्टही प्रत्येक स्टेशन घेते. सेमी-फास्ट म्हणजे वाटेचा काही भाग फास्ट आणि उरलेला स्लो. ती कुठून कुठपर्यंत सगळीकडे थांबणार, ते घोषणेत सांगतात. तेवढं वाक्य पूर्ण ऐका. घोषणेत फास्टला ‘जलद’ आणि स्लोला ‘धीमी’ म्हणतात, हेही कानात बसू द्या.

गाडीच्या कपाळावरची अक्षरं वाचताना एक घोटाळा हमखास होतो. ‘एस’ दिसलं की नवा माणूस स्लो समजतो. शेवटच्या स्टेशनच्या जागी ‘एस’ असेल तर ती कर्जत लोकल, आणि ‘एन’ म्हणजे कसारा. फास्ट-स्लोचं ‘एफ’ किंवा ‘एस’ वेगळ्या जागी असतं. कल्याणला हे दोन मार्ग फुटतात, म्हणून बदलापूर-अंबरनाथवाल्याने कसारा लोकल पकडली तर त्याला कल्याणला उतरावंच लागतं.

नवी मुंबईत नोकरी असेल तर फास्ट-स्लोचा प्रश्नच नाही, ट्रान्स-हार्बरवर सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. तिथे प्रश्न आहे फाट्याचा. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथवर मार्ग एकच. तुर्भ्यानंतर एक फाटा सानपाडा-वाशीला जातो, दुसरा जुईनगर-नेरूळवरून पनवेलला. वाशीला जायचंय आणि समोर पनवेल लागली आहे, तर ती सोडायचं कारण नाही. बसा, तुर्भ्याला उतरा, मागून येणारी वाशी पकडा. ट्रान्स-हार्बरच्या गाड्या ठाण्याच्या 9 आणि 10 नंबर फलाटावरून सुटतात, म्हणजे पूर्वेच्या टोकाला. टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस तुम्हाला पश्चिमेला सॅटिसवर, म्हणजे स्टेशनला लागून असलेल्या बसच्या उंच पुलावर, सोडते. गर्दीच्या वेळी सगळा पूल ओलांडायला दहा मिनिटं हाताशी ठेवा.

आता ब्लॉक, म्हणजे कामासाठी एखाद्या मार्गावरच्या गाड्या काही तास बंद ठेवणं. रविवारी रुळांच्या आणि ओव्हरहेड वायरच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान. त्या बातमीत ‘वळवणार’ हा शब्द शोधा. फास्ट गाड्या स्लोवर वळवल्या तर त्या स्लोच्या फलाटावर येतात, थांबे वाढतात आणि पंधरा-वीस मिनिटं उशीर होतो. स्लो गाड्या फास्टवर वळवल्या तर त्रास जास्त. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे त्या वेळात गाडी थांबतच नाही. तिथे जाणाऱ्याने घाटकोपर, भांडुप किंवा मुलुंडला उतरून रिक्षा करायची तयारी ठेवावी. ‘शॉर्ट टर्मिनेट’ म्हणजे गाडी मधल्याच स्टेशनवर संपणार. ही घोषणा ऐकली की लगेच उतरा, नाहीतर गाडी तुम्हाला घेऊन कारशेडला, म्हणजे रिकाम्या गाड्या उभ्या करतात तिथे, जाईल.

रस्त्यावरचे शब्द थोडे आहेत, पण घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला ते रोज लागतात. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळला उतरायचं असेल तर रिक्षात बसतानाच ‘फ्लायओव्हरच्या खालून घ्या’ असं सांगा. वरून गेलात तर पुढच्या यू-टर्नपर्यंत सुटका नाही, आणि तेवढं भाडं वाढतं. पत्ता देताना सोसायटीच्या नावासोबत ती ठाण्याकडून येताना डाव्या हाताला आहे की यू-टर्न मारून, हेही सांगा. पाहुणा पहिल्यांदाच येत असेल तर हे त्याला आदल्या दिवशीच कळवून ठेवा.