थंडीत पाण्यात उतरून मासेमारी: साहित्य निवडताना या चुका टाळा

थंडी पडायला लागली की माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. वेडर (पाण्यात उतरताना घालायचा, छातीपर्यंत येणारा जलरोधक पायजमा) कोणता घेऊ? किती जाड घेऊ? भारीतला घेतला, तरी पाय का गारठतात? प्रश्न दरवेळी वेडरचा असतो आणि दुखणं बहुतेक वेळा बुटात, मोज्यांत नाहीतर आतल्या बनियनमध्ये सापडतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ब्रीदेबल, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचा वेडर पाणी अडवतो, ऊब देत नाही. ऊब मिळते ती त्याच्या आत घातलेल्या कपड्यांतून. निओप्रीन या कृत्रिम रबराच्या वेडरमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून तो स्वतः थोडीफार ऊब धरून ठेवतो, पण नुसत्या त्याच्या जिवावर दिवस निघत नाही. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. काठावर सुसह्य वाटणारी थंडी मांडीभर पाण्यात वेगळीच होते, ती यामुळे.

त्यात हिवाळ्यात मासाही सुस्तावलेला. पाणी गार झालं की ट्राउटसारख्या माशाची भूक आणि हालचाल मंदावते. तो जोराची धार सोडून संथ, खोल पाण्यात जाऊन बसतो आणि आमिष अगदी तोंडापुढून गेलं तरच हलतो. मग आपणही एकाच जागी खांबासारखे उभे. उन्हाळ्यात सारखं पुढे सरकत राहिल्याने पायांत रक्त खेळतं राहतं, ते इथे होत नाही. ‘उन्हाळ्याचं साहित्य अधिक एक जाड स्वेटर’ हा हिशेब फसतो तो इथेच.

दोन जाड मोजे आणि तेच जुने बूट

या चुकीवर मी इतक्यांदा बोललोय की आता घरचेही हसतात. तरी ती संपत नाही.

ओळखीतला एक जण पहिल्यांदाच हिवाळ्यात आला होता. वेडर नवाकोरा, बूट मात्र उन्हाळ्यातले, त्याच मापाचे. आत दोन जाड लोकरी मोजे आणि बोटांखाली दाबून बसवलेली गरम होणारी पाकिटं. वर नाड्या अशा करकचून आवळलेल्या, की बूट सुटून नदीत वाहून जाईल अशी भीती असावी. पाण्यात उतरून तास होतो न होतो तोच गडी पाय आपटत काठावर. म्हणाला, “अजून एक मोजा आणलाय, तो पण घालतो.”

मी त्याला दगडावर बसवलं आणि नाड्या सोडायला लावल्या. मोजा उतरवला तर पावलावर त्याच्या विणीची नक्षी उमटलेली, बोटं पांढरी पडलेली. पाकिटं तर गारढोण. तीच पाकिटं मी त्याला जॅकेटच्या खिशात टाकायला सांगितली, तर थोड्या वेळात तापायला लागली. या पाकिटांमध्ये लोखंडाची पूड असते. हवेतला ऑक्सिजन मिळाला तरच ती गरम होते. चहूबाजूंनी बंद वेडरच्या आत, ठासून भरलेल्या बुटात हवा येणार कुठून? पायासाठी कमी हवेत चालणारी वेगळी पाकिटं मिळतात. तीही अशी चेपून ठेवली तर फार काही करत नाहीत.

एक मोजा कमी केला, नाड्या सैल केल्या आणि त्याला काठाने जरा चालवून आणलं. बोटांत जीव आला, आल्यावर चांगलंच झिणझिणलं, आणि पुढचा वेळ त्याने बरा काढला. तरी घरी जाताना त्याचं मत हेच, की वेडर खराब निघाला. तो परत करायला गेलासुद्धा.

कारण साधं आहे. मोजा ऊब धरतो तो धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. तो चेपला की हवा गेली, हवेबरोबर ऊबही गेली. वरून घट्ट बुटाने पावलाचं रक्ताभिसरण अडलं, म्हणजे आतून येणारी गरमीही बंद. तिसरा मोजा हा या आजारावरचा उपाय नाही, तो आजारच वाढवतो.

माझी पद्धत अशी: आत पातळ सिंथेटिक मोजा, वर एकच जाड लोकरी. बूट घ्यायला जाताना हेच मोजे आणि वेडर बरोबर न्यायचा, सगळं घालून बूट चढवायचा आणि आत पाचही बोटं मोकळी हलतात का ते बघायचं. बहुतेकांना एक माप मोठा बूट लागतो. वेडरला शिवलेला निओप्रीनचा मोजाही ऐसपैस हवा, ही गोष्ट तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. नाडी घोट्याशी घट्ट, पावलावर सैल. दुकानात एवढा वेळ घालवायला लोकांना कंटाळा येतो आणि तेच लोक नंतर नदीकाठी पाय चोळत बसतात. चोळूही नका. बोटं पांढरी, बधिर झाली आणि ऊब देऊनही संवेदना परत येत नसेल, तर तो दिवस तिथेच संपवून डॉक्टरकडे जा.

बूट जोडलेला वेडर की वेगळा? एका जागी उभं राहून गळ टाकणार असाल तर जोडलेला. त्यात पावलाभोवती हवेला जागा जास्त राहते आणि नाड्यांची भानगड नसते. दगडधोंड्यांतून लांब चालायचं असेल तर वेगळे बूट, कारण घोट्याला आधार मिळतो. दोन्ही गुण एकाच जोडीत शोधणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

‘वेडर गळतोय’

गळत नसतो. घाम असतो.

गाडीपाशी सगळे थर चढवायचे, वेडर छातीपर्यंत ओढायचा, पट्टा आवळायचा आणि मग झपाझपा चढउतार करत नदी गाठायची. पोहोचेपर्यंत आतून भिजलेले. आत सुती बनियन आणि जीन्स असेल तर विचारूच नका. सुती कपडा पाणी पितो, ते सोडत नाही, आणि अंगाला चिकटून दिवसभर गारवा देत राहतो. ब्रीदेबल कापड वाफ बाहेर सोडतं हे खरं, पण पाण्याखालच्या भागात हे काम मंदावतं आणि धबाधबा आलेल्या घामापुढे तर ते हतबलच.

फरक ओळखायला सोपा. दोन्ही पाय सारखे दमट असतील, मांड्या-पोटऱ्या सगळीकडे ओल असेल, तर घाम. एकाच जागी ठळक भिजलं असेल, बहुधा गुडघ्याशी, दोन्ही पायांमधल्या शिवणीशी किंवा पावलाच्या जोडाशी, तर भोक. ब्रीदेबल वेडर घरी आणून उलटा करायचा आणि आतल्या बाजूला आयसोप्रोपाइल अल्कोहोल फवारायचं. जिथे भोक आहे तिथे गडद ठिपका दिसतो. निओप्रीनवर हा प्रयोग चालत नाही. त्यात हवा भरायची, बाहेरून साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. भोक सापडलं की गोंद लावून पूर्ण वाळू द्या. आदल्या रात्री गोंद लावून पहाटे पाण्यात उतरणाऱ्यांविषयी मला जे वाटतं ते लिहिण्यासारखं नाही.

चालताना मी वेडर कमरेपर्यंत गुंडाळून ठेवतो आणि जाड जॅकेट पिशवीत टाकतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस, आणि नदीशी पोहोचल्यावर वरचं जॅकेट. पायांनाही हाच नियम. वर तीन थर आणि खाली एकच पातळ पायजमा, असे महाभाग दरवर्षी भेटतात. पाण्यात काय बुडवणार आहात, छाती की पाय?

पट्टा

वेडरबरोबर येणारा पट्टा शोभेला दिलेला नसतो. पाय घसरून पडलात तर तो आत शिरणारं पाणी रोखतो. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाशी जातो, ही समजूत मात्र चुकीची. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड, ते खाली ओढत नाही. ली वुल्फ या अमेरिकी मासेमाराने वेडर घालून नदीत उडी मारून हे दाखवलं होतं. खरी अडचण पुढे येते. भरलेला वेडर घेऊन पोहणं जड जातं, काठावर चढताना ते सगळं वजन पायांवर येतं, आणि आतले कपडे भिजले म्हणजे ऊब संपली.

गार पाण्यात वेळही फार नसतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी १-१०-१ असा हिशेब सांगितलाय. बर्फासारख्या पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे जे करायचं ते त्या दहा मिनिटांत. म्हणून पट्टा घट्ट, जॅकेटच्या वरून आणखी एक असेल तर उत्तम, अनोळखी पाण्यात हातात काठी आणि धार जोराची असेल तर अंगावर लाइफ जॅकेट. लाइफ जॅकेटमध्ये गळ टाकताना हात अडखळतात, अशी तक्रार मी ऐकून घेतो आणि सोडून देतो.

बुटाचा तळ

फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाचा तळ शेवाळलेल्या दगडावर छान पकड घेतो, पण बर्फात त्याला गोळे चिकटतात. दहा पावलांत तुम्ही उंच टाचांवर चालायला लागता. शिवाय ओल्या फेल्टमधून एका नदीतलं शेवाळ आणि रोगजंतू दुसऱ्या नदीत जातात. म्हणून न्यूझीलंडने २००८ मध्ये आणि अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने २०१८ मध्ये फेल्टवर बंदी घातली. हिवाळ्यासाठी रबरी तळ आणि त्यात कार्बाइडचे खिळे. नुसतं रबर गुळगुळीत दगडावर घसरतं. आणि खिळे कितीही चांगले असले तरी काठावरून पाण्यावर पसरलेल्या बर्फाच्या पापुद्र्यावर पाय ठेवायचा नाही. त्याच्या खाली काय आहे ते वरून कळत नाही.

रॉड, रील, दोर

तापमान शून्याखाली गेलं की दोराबरोबर आलेलं पाणी रॉडच्या, म्हणजे गळाच्या काठीच्या, कड्यांमध्ये गोठतं, आधी शेंड्याकडच्या बारीक कडीत. उतावळे लोक ते बोटाने कटकन तोडायला जातात आणि बर्फाबरोबर शेंडाही तुटतो. शेंडा पाण्यात बुडवून धरा, बर्फ आपोआप सुटतो. निघण्यापूर्वी कड्यांना सिलिकॉनची पेस्ट किंवा ओठांना लावायचा बाम लावला तर बर्फ धरायला वेळ लागतो. कायमचा उपाय असा नाही, अधूनमधून पुन्हा लावावंच लागतं. फ्लाय फिशिंगच्या (कृत्रिम माशी टाकून करायच्या मासेमारीच्या) दोरावर पेट्रोलियम जेली टाळा, दोराचं आवरण खराब होऊ शकतं. विणलेला दोर पाणी शोषून ताठ होतो. कडाक्याच्या थंडीत साधा मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच तंतूचा दोर बरा. दोर गुंडाळायच्या रीलमधलं ग्रीस घट्ट होत असेल तर ते पुसून हलकं तेल घाला. आणि ही चाचणी घरी करायची, नदीवर नाही.

हातमोजे एक जोडी आणू नका. एक भिजणारच. बोटं उघडी असलेले लोकरी हातमोजे आणि त्यांच्या आत पातळ नायट्राइल रबराचे, ही माझी आवडती जोडी. मासा सोडून द्यायचा असेल तर लोकरी हातमोजा काढा, हात ओला करा आणि मग धरा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कडाक्याच्या थंडीत त्याला फोटोसाठी हवेत धरून उभं राहू नका. त्याचे कल्ले गोठायला फार वेळ लागत नाही.

टोपी हवीच, पण अंगातली बरीचशी गरमी डोक्यातूनच जाते हे खरं नाही. गळ्याभोवतीची पट्टी लोक विसरतात आणि तिथून वारा सरळ छातीत शिरतो.

दारूने ऊब येत नाही. त्वचेकडे रक्त वाढतं म्हणून तसं वाटतं, आणि तेवढ्यात आतली गरमी बाहेर जाते.

परत आल्यावर

ओले बूट गाडीच्या डिकीत तसेच राहिले तर दुसऱ्या दिवशी ते लाकडासारखे कडक मिळतात, पाय आत जात नाही. ते हीटरसमोर ठेवून झटपट वाळवायला गेलात तर तळ सुटतो आणि वेडरच्या शिवणींवरच्या पट्ट्या उखडतात. वेडर आधी उलटा, मग सुलटा, सावलीत टांगून वाळवा. घाई असेल तर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीनदा बदला.

कोरे कपडे गाडीत नको, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून काठावर हवेत. गाडी लांब असते आणि भिजल्यावर ते अंतर दुप्पट होतं. गाडीची किल्ली वेडरच्या आतल्या खिशात ठेवली असेल तर ती दोरीला बांधून गळ्यात अडकवा. बोटं बधिर झाल्यावर ती खिशाची चेन उघडत नाही.