व्हर्च्युअल मशीनची डिस्क फाइल कॉपी करताना फुगू नये म्हणून

लिनक्सवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी संगणकाची, डिस्क ही एक फाइलच असते. समजा, अशा ४० जीबीच्या रॉ (साध्या, न दाबलेल्या) डिस्क फाइलमध्ये खरा डेटा ६ जीबीच असतो, पण बॅकअप घेतला की दुसऱ्या डिस्कवर पूर्ण ४० जीबी अडतात. फाइलमधल्या रिकाम्या जागा, म्हणजे होल्स, तिथे खरोखरच्या शून्यांनी भरल्या जातात.

१. आधी खात्री करा. 'एलएस -एलएच' (ls -lh) ही कमांड फाइलचा दिसणारा आकार सांगते, 'डीयू -एच' (du -h) डिस्कवर अडलेली जागा. दुसरा आकडा बराच लहान असेल तर फाइल स्पार्स, म्हणजे होल्स असलेली, आहे.

२. त्याच संगणकावर कॉपी करायची तर 'सीपी --स्पार्स=ऑलवेज' (cp --sparse=always) वापरा. पर्याय न दिल्यास सीपी मूळ फाइलमधली होल्स ओळखून राखते. ऑलवेज दिल्यावर शून्यांनी भरलेल्या सलग ब्लॉकांचीही होल्स करते. त्यामुळे आधीच फुगलेली फाइलही कॉपीत आटोपशीर होते.

३. दुसऱ्या सर्व्हरवर पाठवताना एससीपी (scp) ही नेटवर्कवरून कॉपी करणारी कमांड नको, ती होल्स राखत नाही. फाइली दुसरीकडे पाठवणाऱ्या आरसिंकला (rsync) 'एस' (-S) हा पर्याय द्या, फाइली एकत्र बांधणाऱ्या टारलाही (tar) तोच. दोन्हीकडे कॅपिटल एस, लहान एसचा अर्थ निराळा.

४. फुगलेली प्रत आधीच पडून असेल तर पुन्हा कॉपी कशाला? 'फॅलोकेट -डी' (fallocate -d) जागच्या जागी होल्स पाडते. एक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम्सवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींवर) हे चालते.

पेनड्राइव्हवर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते आणि त्यांत स्पार्स फाइलची सोयच नाही; तिथे टार करून, दाबूनच (कॉम्प्रेस करूनच) न्या.

व्हर्च्युअल मशीन बंद केल्याशिवाय यातले काहीही करू नका. चालू मशीनची डिस्क कॉपी केली तर प्रत अर्धवट बदललेल्या अवस्थेतली निघते, आणि चालू डिस्कवर फॅलोकेट तर मुळीच नको.