चाटून चाटून पोट उघडं पाडणारी मांजर: आधी काय बघायचं

मांजर जागी असली की बराचसा वेळ अंग चाटण्यातच घालवते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण खेळता खेळता मध्येच थांबून ती मांडी चाटायला लागली, बशी अर्धी टाकून पोटाकडे वळली, हाक मारली तरी थांबेना, किंवा उलटीतून केसांचे गोळे जास्त पडायला लागले, की लक्ष घालायचं. आणि "आमची तर चाटताना दिसतच नाही" यावर जाऊ नका. पुष्कळ मांजरी पलंगाखाली जाऊन चाटतात.

मी डोंबिवलीत घरीच ब्लाउज शिवते आणि आमची चिमी मशीनशेजारच्या अस्तराच्या गठ्ठ्यावर झोपते. मागच्या पावसाळ्यात तिच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला गुलाबी कातडी दिसायला लागली. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, "तिला टेन्शन आलंय." शेजारच्या काकूंनी तर तिच्यासाठी जोडीदारही सुचवला!

टेन्शन हे सगळ्यात शेवटी धरायचं कारण. २००६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. मनाच्या कारणाने केस घालवतात असं समजून आणलेल्या २१ मांजरी तपासल्या, तर १६ जणींना सरळसरळ शरीराचं दुखणं निघालं, तिघींना दोन्ही, आणि निव्वळ मनाचं कारण फक्त दोघींना. म्हणून आधी कातडी बघा, मग स्वभाव.

पहिलं काम, पोटावरून केसांच्या उलट्या दिशेने हात फिरवा. खुंटासारखं खरखरीत लागलं तर केस बहुधा जिभेने तुटलेत. तुटलेले चार केस पांढऱ्या अस्तरावर ठेवून भिंगातून बघा. नैसर्गिक केसाचं टोक निमुळतं असतं, चाटून तुटलेल्याचं टोक हिसक्याने तोडलेल्या दोऱ्यासारखं फिसकटलेलं दिसतं. केस मुळापासून सहज हातात येत असतील तर प्रकरण वेगळं. गोल चट्टा, पापुद्रे किंवा खपल्या असतील तर नायटा किंवा खरूज असू शकते. नायटा माणसांनाही होतो, तेव्हा लहान मुलांना दूर ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

दुसरं काम पिसवांचं, आणि इथे घाई करू नका. उवांची बारीक फणी घ्या आणि शेपटीच्या मुळाशी, मानेवर, पोटावर केसांच्या दिशेने फिरवा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर लाल होत नाही. चिमीच्या कागदावर असे ठिपके उमटले, पण जिवंत पिसू एकही हाती लागली नाही. कारण मांजर त्या चाटून गिळून टाकते. ज्या मांजरीला पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असते तिला मोजके चावेही पुरतात. "आमची घराबाहेर जात नाही" हेही कामाचं नाही, पिसवा उंदरांबरोबर येतात, आपल्या कपड्यांवरूनही येतात.

पिसवांचं औषध डॉक्टरांनी मांजरीचं वजन बघून दिलेलंच घ्या. ते मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला करून कातडीवर टाकतात. घरातल्या प्रत्येक मांजराला, कुत्र्याला एकाच वेळी द्या आणि ठरलेल्या अंतराने काही महिने चालू ठेवा. पिसवांची अंडी, अळ्या नि कोश गादीत, फरशीच्या फटीत असतात. कोशातली पिसू तर कित्येक आठवडे दबा धरून बसते. अंथरूण गरम पाण्यात धुवा, कोपरे झाडा.

कुत्र्याचं औषध अर्धं करून मांजरीला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजरीला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. खोबरेल, हळद, कडुनिंबाचं तेल हेही नको, कारण अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात जातं. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते, तेव्हा फिनेलही बंद करा.

पिसवा नसतील तर दुखणं शोधा. फक्त खालचं पोट चाटत असेल तर मूत्राशय दुखत असेल. आमच्या खालच्या मजल्यावरचा बोका असाच एकच जागा चाटायचा, लिटर ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये, सारखा बसायचा आणि थेंबच पडायचे. बोक्याची लघवी पूर्ण अडली तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकू नका. म्हातारी मांजर कंबर किंवा गुडघा चाटत असेल तर सांधे बघायला सांगा.

अन्नाच्या अॅलर्जीनेही मांजर चाटत सुटते, आणि ती रक्ताच्या तपासणीने पक्की कळत नाही. डॉक्टर सांगतील ते एकच खाणं निदान आठ आठवडे द्यायचं, बाकी काही म्हणता काही नाही. हे मांजरीपेक्षा घरच्यांना जड जातं. आमच्या सासूबाईंना चिमूटभर सुकटही चालणार नाही हे पटवताना माझा घसा सुकला.

एवढं सगळं तपासून झाल्यावर मग मन. घरात काय बदललं ते आठवा: नवं बाळ, समोरच्या इमारतीचं पाडकाम, खिडकीच्या ग्रिलवर येऊन बसणारा परका बोका. ग्रिलच्या खालच्या भागाला कागद लावला तरी फरक पडतो. लपायला खोका, चढायला कपाटाचा माथा, रोज ठरल्या वेळी दोरीचा खेळ, मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त लिटर ट्रे. चाटताना ओरडू नका, त्याने ताण वाढतो. चेंडू टाकून लक्ष वळवा. गळ्यातला प्लास्टिकचा भोंगा जखम भरेपर्यंत ठीक, तो उपाय नव्हे. यानेही भागलं नाही तर डॉक्टर फ्लुओक्सेटीनसारखी मनाचा ताण कमी करणारी गोळी देतात. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते.

केस परत यायला महिने लागतात. रोज बघून काही कळत नाही, म्हणून दर रविवारी खिडकीपाशी, त्याच उजेडात पोटाचा एक फोटो काढा आणि डॉक्टरांकडे जाताना मोबाइल बरोबर न्या.