भरलेली ट्रॉली ओढताना: पिनपासून फाळक्यापर्यंत

पन्नास एचपीचा ट्रॅक्टर भरली ट्रॉली ओढतो, त्यात नवल काही नाही. खरी अडचण ती थांबवण्याची. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण 2 टन. दोनचाकी ट्रॉली रिकामीच दीड टनाच्या आसपास, वर 5 टन गिट्टी. झाले साडेआठ टन, आणि ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. म्हणून किती भरायचं ते एचपी पाहून ठरवू नका. वाटेतला सगळ्यात वाईट उतार आठवा आणि तिथं गाडी थांबेल इतकंच भरा.

वजनाचा अंदाज काट्याशिवायही निघतो. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा आणि गुणा. 10 बाय 6 बाय 2 फुटांच्या डब्यात 120 घनफूट माल बसतो. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे हा 1.2 ब्रास. कोरड्या रेतीचा एक ब्रास सव्वाचार ते साडेचार टन भरतो. काठोकाठ रेती भरली की 5 टनांच्या वर गेलात, आणि रेती ओली असेल तर त्याहून जास्त. विटांचा हिशोब सोपा आहे: एक वीट सुमारे 3 किलो, हजार विटा म्हणजे 3 टन. डीएपीचं पोतं 50 किलोचं, युरियाचं 45 चं. सोयाबीन 100 घनफुटांत 2 टनांच्या आसपास बसतं. कापूस आणि कुटार (मळणीनंतरचा भुसा) यांचं वजन कमी, पण उंची जास्त. त्यांचं दुखणं वेगळं, ते पुढे.

जोडणी

पिन कंपनीचीच वापरा. सळईचा तुकडा किंवा हाताशी लागलेला बोल्ट दिवसभर टिकतो आणि नेमका चढावर तुटतो, कारण दर झटक्याला तो एकाच जागी वाकत असतो. पिन वरून खाली टाका आणि खालच्या टोकाला लिंच पिन, म्हणजे पिन निसटू नये म्हणून अडकवायची छोटी कडीची खीळ, लावा. ती नसेल तर खड्ड्यात ट्रॉली उसळली की पिन आपोआप वर सरकते. हूकच्या कडीचं भोक घासून लांबट झालं असेल तर गिअर बदलताना खाडकन आवाज येतो. तो आवाज यायला लागला की कडी वेल्डिंगवाल्याकडे न्यायची वेळ झाली. ट्रॅक्टरच्या बॉडीपासून ट्रॉलीच्या दांड्यापर्यंत जाड साखळीही घाला. वळताना ताण येणार नाही इतकी सैल, पण पिन निघाली तर दांडा रस्त्यावर आपटणार नाही इतकी आखूड.

पाळीचं (वखरणीचं) सामान काढून ट्रॅक्टर ट्रॉलीला लावताना टॉप लिंक, म्हणजे अवजाराला वरून धरणारा दांडा, उतरवून ठेवा. अवजार उचलणारे खालचे दोन्ही आर्म वर उचलून साखळीने आवळा. सैल राहिले तर तिखट वळणावर ते ट्रॉलीच्या दांड्याला भिडतात.

जोडल्यावर दहा पावलं लांब जा आणि बाजूने पाहा. दोनचाकी ट्रॉलीचा तळ जमिनीला समांतर दिसला पाहिजे. तोंड वर उचललेलं असेल तर माल मागे झुकतो, हूकवरचा भार कमी होतो आणि मागचे टायर जागेवर फिरायला लागतात. तोंड खाली असेल तर हूकवर भार जास्त पडतो.

लोड कुठे पडतो

चारचाकी ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्याच चाकांवर असतं. दोनचाकीत मात्र मालाचा काही भाग ट्रॅक्टरच्या हूकवर येतो, आणि सगळी गोम तिथंच आहे. एकूण लोडाचा दहावा ते सातवा हिस्सा हूकवर यावा. त्याहून जास्त आला तर पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग हलकं लागायला लागलं की ट्रॅक्टर छान चालतोय असं नवख्याला वाटतं. खरं तर पुढची चाकं जमीन सोडायच्या बेतात असतात. पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढताना, जिथं उंचवटा अचानक येतो, तिथं हे नेहमी जाणवतं. उपाय दोन: माल थोडा मागे सरकवा, नाहीतर पुढे वजनाच्या प्लेटा लावा.

उलट चूक मजुरांकडून माल उतरवताना होते. पुढचा माल आधी काढला की ट्रॉली मागे बसते आणि दांडा वर जोर करतो. अशा वेळी कुणी पिन काढली तर दांडा उसळून थेट हनुवटीला लागतो. म्हणून उतरवायला सुरुवात मागून करा. पिन काढण्याआधी कडी पाहा: ती वरच्या बाजूला दाबून अडकली असेल तर माल मागे आहे. आधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी, मग दांड्याखाली स्टँड, मग पिन. हा क्रम बदलायचा नाही.

रस्त्यावर

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डावं आणि उजवं वेगळं. वावरात वळायला ते बरं, रस्त्यावर ते जीव घेतं. दोन्ही पेडलांना जोडणारी एक छोटी पट्टी असते. वावरातून धुरा (बांध) ओलांडून रस्त्याला लागताना ती अडकवा. ती सुटी राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो, मागची ट्रॉली सरळ ढकलत राहते, आणि दोघांचा कोन होऊन दोन्ही आडवे होतात.

भरल्या ट्रॉलीला ताशी 20 किलोमीटर पुरे. गुळगुळीत रस्ता पाहून 30 ला गेलं की दोनचाकी ट्रॉली मागे डुलायला लागते. तेव्हा स्टेअरिंगने सावरू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, डुलणं थांबेल.

उताराआधी गिअर कमी करा, उतारावर नाही. हे सांगण्याचं कारण आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांचे गिअर चालत्या गाडीत नीट बसत नाहीत. हाय-लो लिव्हर ओढली आणि खालचा गिअर बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि मागे 6 टन. क्लच दाबून उतार उतरणं म्हणजेही तेच. ज्या गिअरमध्ये तो उतार चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, पाय क्लचवरून बाजूला. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट असो की गावाजवळच्या नाल्याचा रपटा (पाण्यालगतचा ठेंगणा पूल), नियम एकच. घाट दिसतो म्हणून माणूस सावध असतो. रपट्यावर गाफील राहतो, आणि रपट्याच्या शेवटी वळणही असतं.

चिखल आणि पांदण

कार्तिकात अवकाळी पाऊस झाला की काळ्या मातीची पांदण दोन दिवस तरी निकामी होते. त्यातून भरली ट्रॉली काढायचीच असेल तर आधी अर्धा माल उतरवा. एक चाक चाकोरीत आणि दुसरं काठावर, अशी ट्रॉली कधी चालवू नका. उंच भरलेला कापूस तर त्या एका झोकानेच कलंडतो. एकच चाक जागेवर फिरत असेल तर डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं पेडल) दाबा, पण गाडी सरळ असतानाच, आणि वळायच्या आत सोडा. लॉक दाबून वळलात तर गाडी वळत नाही, सरळ नाल्यात जाते.

फसलेला ट्रॅक्टर किंवा ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीलाच) बांधा. टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलवर बांधली की ओढ वरून लागते, मागची चाकं रुतलेली राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. तो मागे उलटायला दीड सेकंद पुरतो. क्लच दाबेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. चाकाखाली लाकडाचे ओंडके टाकायचे असतील तर टाका, पण चाकाला ओंडका बांधून गिअर टाकू नका. तेव्हाही ट्रॅक्टर तसाच उलटतो.

कापूस

कापसाची ट्रॉली काटेकोर भरावी लागते, कारण वारा तिला ढकलतो. आधी कोपरे तुडवून भरा, मग मधला भाग. मधे ढीग करून कोपरे पोकळ ठेवले तर वळणावर माल एका बाजूला सरकतो. वरून जाळी, मग आडवा-उभा दोर. दोर मागच्या फाळक्यावर (डब्याच्या उघडणाऱ्या फळीवर) बांधू नका, डब्याच्या अँगलवर बांधा. जिनिंगला जाताना रात्र होणार असेल तर ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरकडे लक्ष द्या. ठिणगी पुढच्या फाळक्यावरच्या सैल कापसावर पडते. पुढची दोन फूट जागा ताडपत्रीने झाका आणि ताडपत्री सायलेन्सरपासून लांब ठेवा. वर बसलेल्या माणसाची विडी ही वेगळी गोष्ट. भरलेल्या कापसावर माणूस बसवायचाच नाही.

उलट घेणं आणि पलटी

दोनचाकी ट्रॉली रिव्हर्स घेताना एक हात स्टेअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रॉलीचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, हात त्या बाजूला सरकवा. फार नाही, थोडा, आणि वळण सुरू झालं की लगेच ट्रॅक्टर त्याच्या मागे वळवा. कोन तिखट होत चालला तर पुढे जाऊन सरळ करा, ओढाताण करू नका. मदतीला उभा असलेला माणूस दोन्ही वाहनांच्या मधे कधी उभा राहू नये. त्याने डाव्या बाजूला, आरशात दिसेल असं उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणावं, आणि दिसेनासा झाला की तुम्ही थांबावं. चारचाकी ट्रॉलीला दोन जागी सांधा असतो, ती उलट घेणं फार कमी जणांना जमतं. पिन काढून हाताने ढकलणं बरं.

हायड्रोलिक ट्रॉली उचलण्याआधी मागचा फाळका उघडा आणि डोक्यावरच्या तारा पाहा. वावरावरून जाणाऱ्या तारा मधे झोल खाऊन खाली आलेल्या असतात. जमीन कललेली असेल तर उचलू नका. ओला मुरूम एका बाजूला चिकटून बसतो, दुसरी बाजू रिकामी होते, आणि डबा चिकटलेल्या बाजूला कलंडतो. डब्याखाली काही पाहायचं असेल तर आधी लाकडाचा टेकू लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.

थांबल्यावर

पाच-सहा किलोमीटर झाले की उतरा आणि प्रत्येक हबवर तळहात ठेवा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बेअरिंग गेलं किंवा ग्रीस संपलं. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खटखट लागली तर तसंच पुढे जाऊ नका. नवीन टायर टाकल्यावर 20-25 किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा. टायरमधली हवा टायरच्या अंगावर लिहिली असेल तेवढी ठेवा.

मागच्या फाळक्यावर लाल आणि बाजूला पिवळी चमकणारी पट्टी लावा. सात पिनांचं सॉकेट जोडून मागचा दिवा आणि ब्रेकलाइट चालू करा. दोन्ही दिव्यांना मिळून फारसा खर्च येत नाही. चिखलाने पट्टी झाकली गेली की ती नसल्यासारखीच, म्हणून निघताना फडक्याने पुसा. रात्री ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर आधी मागे 50 पावलांवर त्रिकोण ठेवा, नसेल तर हिरव्या झाडाच्या फांद्या टाका. दगड ठेवायचे नाहीत. आपण निघून जातो आणि ते तिथंच राहतात.